प्रश्न वाचकांचे : सहा डॉलरांचा क्वार्टरबॅक

मागील अंकात दूरचित्रवाणीने अमेरिकेतील खेळ कसे बदलले, या प्रश्नाला उत्तर देताना न्यूयॉर्कमध्ये १९५८ साली झालेल्या अमेरिकन फुटबॉलच्या एका अंतिम सामन्याचा ओझरता उल्लेख आला होता आणि त्यात विजयी ठरलेल्या बाल्टिमोर कोल्ट्स संघाच्या जॉनी युनायटस या खेळाडूचे नावही आले होते. त्या एका ओळीवर इतकी पत्रे येतील, असे वाटले नव्हते. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मेरीलँड राज्यातील टाउसन या गावी राहते. तिच्याकडे गेले असता तिथल्या विद्यापीठाच्या मैदानावर युनायटस यांचे नाव पाहिले होते. मात्र हे कोण, हे तेव्हा कोणाला विचारले नाही. शिवाय, ज्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो त्याला फुटबॉल का म्हणतात, हे कोडेही उलगडलेले नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालू, कारण तो उलगडल्याखेरीज पहिल्याचे उत्तर पोकळ वाटेल. हा खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या रग्बीमधून अमेरिकेतील महाविद्यालयांत घडत गेला आणि जुने नाव त्याला तसेच चिकटून राहिले. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड (सुमारे नऊ मीटर) पुढे सरकावे लागते. तेवढे अंतर कापले की आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही कापले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्यायचा, की पुढे पळत गेलेल्या सहकाऱ्याकडे फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवून पार पाडावे लागते आणि तेवढ्या वेळात त्याच्या दुप्पट देहाचे चार-पाच गडी त्याला जमिनीवर लोळवण्यासाठी धावून येत असतात.

युनायटस हे असेच क्वार्टरबॅक होते. ७ मे १९३३ रोजी पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात, लिथुआनियन वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा घरोघर कोळसा पोहोचवण्याचा छोटासा व्यवसाय होता. जॉनी पाच वर्षांचे असतानाच ते वारले. पदरात चार मुले असलेल्या आईने तो धंदा पुढे चालवला, जोडीला मिळतील ती कामे केली आणि रात्रीच्या वर्गांना जाऊन हिशेबनिशीचे शिक्षण घेतले. नोत्र दाम विद्यापीठात खेळावे, ही कॅथलिक शाळेत शिकणाऱ्या या मुलाची स्वाभाविक इच्छा होती. परंतु अंगकाठी फारच किरकोळ असल्याचे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले आणि ते केंटकी राज्यातील लुईव्हिल विद्यापीठात दाखल झाले. बाल्टिमोर हे टाउसनच्या अगदी शेजारचे मोठे शहर. तिथल्या संघासाठी युनायटस १९५६ ते १९७२ अशी सतरा वर्षे खेळले. त्या परिसरातील मैदानाला त्यांचे नाव असणे यात म्हणूनच नवल नाही.

प्रश्न : एवढ्या मोठ्या खेळाडूला त्याच्याच गावच्या संघाने नाकारले होते, असे ऐकतो. हे खरे आहे का, की यशस्वी माणसाच्या चरित्रात मागाहून घातलेला मसाला आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण अशा चरित्रांत मसाला पुष्कळ असतो, येथे मात्र मूळ हकिकतच पुरेशी तिखट आहे. १९५५ साली पिट्सबर्ग स्टीलर्सने महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यांना नवव्या फेरीत, एकंदर १०२ वा खेळाडू म्हणून घेतले. संघाकडे आणखी तीन क्वार्टरबॅक होते आणि जागा तिघांनाच होती. मुख्य प्रशिक्षक वॉल्ट कीसलिंग यांनी युनायटस यांना हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत एकदाही मैदानावर उतरवले नाही आणि मग संघातून काढून टाकले. त्यांचा खेळ वाईट ठरला म्हणून ते गेले असे नाही. तो कोणी पाहिलाच नाही. लग्न झालेले, घरी संसार, हाती नोकरी नाही, अशा स्थितीत ते बांधकामावर मजुरीला लागले आणि आठवड्यातून एकदा ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या अर्धव्यावसायिक संघाकडून, काचा-खडे विखुरलेल्या मैदानांवर, सामन्याला सहा डॉलर घेऊन खेळू लागले.

१९५६ च्या आरंभी कोल्ट्स संघाला स्वस्तात एखादा राखीव क्वार्टरबॅक हवा होता. संघाचे व्यवस्थापक डॉन केलेट यांनी युनायटस यांना दूरध्वनी केला. त्या एका कॉलच्या खर्चात कोल्ट्सला हा खेळाडू मिळाला, असे बाल्टिमोरचे लोक पुढे अनेक वर्षे कौतुकाने सांगत. वर्षाला सात हजार डॉलर पगार ठरला. त्याच हंगामात शिकागो बेअर्सविरुद्ध पहिल्या पसंतीचे क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ यांचा गुडघा दुखावला आणि युनायटस मैदानात आले. त्यांनी फेकलेला पहिलाच चेंडू प्रतिपक्षाने अडवला आणि तसाच पळत शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन, म्हणजे सहा गुणांची कमाई, केला. त्यानंतर सहकाऱ्याच्या हाती चेंडू देतानाही चुका झाल्या आणि कोल्ट्स तो सामना ५८-२७ असा हरले. सुरुवात याहून वाईट होणे कठीण. तरीही प्रशिक्षक वीब यूबँक यांनी त्यांना बदलले नाही, आणि माझ्या मते या साऱ्या कथेत युनायटस यांच्याइतकेच श्रेय या न बदलण्याला द्यायला हवे. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, फेकलेल्या चेंडूंचे यार्ड आणि टचडाउन या दोन्ही बाबतींत ते व्यावसायिक संघांच्या साऱ्या लीगमध्ये पहिले होते.

प्रश्न : १९५८ चा तो अंतिम सामना नेमका कसा झाला? ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ सामना’ असे त्याला म्हणतात, ते कशामुळे? (अनेक वाचक)

उत्तर : या प्रश्नावर जरा रेंगाळावे लागेल.

२८ डिसेंबर १९५८, यांकी स्टेडियम, चौसष्ट हजारांवर प्रेक्षक, आणि घरोघरी दूरचित्रवाणी संचांसमोर बसलेले सुमारे साडेचार कोटी लोक. समोर न्यूयॉर्क जायंट्सचा नावाजलेला संघ होता. त्यांच्या आक्रमणाची आखणी विन्स लोम्बार्डी करत आणि बचावाची टॉम लँड्री. हे दोघेही पुढे स्वतंत्र संघांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून अमेरिकेत घरोघरी ठाऊक झाले. सामना खरे तर सुरुवातीला गबाळाच होता. दोन्ही बाजूंच्या हातून चेंडू निसटत होता. मध्यंतराला कोल्ट्स १४-३ असे पुढे होते. तिसऱ्या सत्रात जायंट्सच्या रेषेपासून अवघ्या एका यार्डावर येऊन कोल्ट्सचे आक्रमण थबकले आणि तिथून पारडे फिरले. चौथ्या सत्रात जायंट्स १७-१४ असे पुढे गेले.

सामना संपायला दोन मिनिटांहून थोडा कमी वेळ उरला असताना कोल्ट्सना चेंडू मिळाला तो स्वतःच्या चौदा यार्डांच्या रेषेवर. म्हणजे जवळजवळ सारे मैदान पुढे पसरलेले आणि घड्याळ अंगावर आलेले. त्या काळी आजच्यासारखी शिरस्त्राणात बसवलेल्या यंत्रातून प्रशिक्षकांची सूचना ऐकू येण्याची सोय नव्हती. पुढची चाल कोणती, हे युनायटस स्वतःच ठरवत. आधी लेनी मूर यांना अकरा यार्डांचा पास. मग रेमंड बेरी यांना सलग तीन पास, पंचवीस, पंधरा आणि बावीस यार्डांचे. मूरचे अकरा आणि बेरीचे बासष्ट, मिळून त्र्याहत्तर यार्ड कापून कोल्ट्स जायंट्सच्या तेरा यार्डांवर पोहोचले. शेवटची सात सेकंदे उरली असताना स्टीव्ह मायरा यांनी फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून धाडून तीन गुण मिळवले, आणि गुण १७-१७ झाले.

येथे बेरींविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण बेरींशिवाय युनायटस समजत नाहीत. बेरी हे विसाव्या फेरीत निवडले गेलेले, दृष्टी अधू असलेले, डोळ्यांत भिंगे घालून खेळणारे गृहस्थ. सराव संपून सारे घरी गेले की हे दोघे मागे राहत आणि एकेक धाव पुन्हा पुन्हा घोटून घेत. अमुक पावलांनंतर बेरी कोठे वळणार, हे ठरलेले असल्यामुळे बेरी वळण्याआधीच चेंडू युनायटस यांच्या हातातून सुटलेला असे. ठरलेल्या मात्रेवर समेला येणारा तबलजी आणि गायक यांच्यात जो विश्वास असतो, त्याच जातीचा हा विश्वास होता. त्या दिवशी बेरींनी बारा झेल घेतले आणि १७८ यार्ड मिळवले.

बरोबरी झाल्यावर काय करायचे, हे पुष्कळ खेळाडूंनाही ठाऊक नव्हते, कारण लीगच्या अंतिम सामन्यात अशी वेळ पूर्वी कधी आलीच नव्हती. नियम असा होता की जादा वेळेत जो आधी गुण मिळवील तो जिंकला. नाणेफेक जायंट्सनी जिंकली, परंतु दहा यार्ड काही त्यांना कापता आले नाहीत. मग युनायटस यांनी तेरा चालींत ऐंशी यार्ड पार केले. मधेच दूरचित्रवाणीची तार निसटली आणि देशभरचे पडदे काळे झाले. त्याच सुमारास एक गृहस्थ मैदानात धावत सुटल्यामुळे खेळ थांबला. तो प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीचाच माणूस होता आणि तार जोडून होईपर्यंत वेळ काढण्यासाठी त्याला पिटाळले होते, अशी आख्यायिका आहे.

रेषा जवळ आल्यावर साध्या फील्ड गोलने सामना जिंकता आला असता. युनायटस यांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी जिम मचेलर यांना काठालगत पास फेकला. तो अडवला गेला असता तर सारे मुसळ केरात गेले असते. पुढे याबद्दल विचारणाऱ्यांना युनायटस सांगत ते थोडक्यात असे, की आपण काय करतो आहोत हे ज्याला माहीत असते त्याचा चेंडू अडवला जात नाही. (आयुष्यात त्यांचे २५३ चेंडू अडवले गेले, हे येथे नमूद केले पाहिजे.) मचेलर एका यार्डावर पडले, पुढच्या चालीत ॲलन अमीची चेंडू घेऊन रेषेपार घुसले आणि कोल्ट्स २३-१७ असे जिंकले.

हा सामना गुणवत्तेच्या दृष्टीने सर्वश्रेष्ठ होता असे मला वाटत नाही. तो सर्वश्रेष्ठ ठरला, कारण रविवारच्या संध्याकाळी शेवटच्या दोन मिनिटांत काय होते हे पाहण्यासाठी जेवण बाजूला ठेवून बसावे, ही सवय त्या दिवशी अमेरिकेला लागली. तोवर बेसबॉल हाच त्या देशाचा खेळ मानला जाई. पुढील दोन दशकांत ते स्थान फुटबॉलने घेतले. विजयी खेळाडूंना प्रत्येकी पावणेपाच हजार डॉलरांच्या आसपास वाटा मिळाला, आणि त्यांपैकी अनेकांसाठी ती रक्कम वर्षाच्या पगाराशी तोलण्याजोगी होती.

प्रश्न : आकडे पाहिले तर युनायटस यांचे २९० टचडाउन पास आणि ५५ टक्क्यांहून कमी अचूकता आजच्या मध्यम प्रतीच्या क्वार्टरबॅकलाही शोभणार नाही. मग त्यांची थोरवी ही जुन्या लोकांची हळवी आठवण नव्हे काय? (एक संख्याशास्त्राचे विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आकडे आपण अचूक दिले आहेत, पण ते ज्या चौकटीतून आले ती चौकट गाळली आहे. १९६० पर्यंत एका हंगामात बाराच सामने होत. १९६१ पासून चौदा झाले, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा. झेल घेण्यासाठी पळणाऱ्या खेळाडूला चेंडू हवेत जाण्यापूर्वी मैदानभर ढकलण्याची, आडवण्याची मुभा बचावाला होती; ती १९७८ साली पाच यार्डांपुरती मर्यादित झाली. क्वार्टरबॅकला गुडघ्यावर वा डोक्यावर धडकण्यास आज जे कडक दंड आहेत त्यांतील बहुतेक तेव्हा नव्हते. अशा काळात फेकलेला चेंडू पोहोचणे हीच मुळात अवघड गोष्ट होती, आणि म्हणून तुलना त्यांच्या समकालीनांशी करावी लागते.

तशी केली म्हणजे चित्र पालटते. १९५९ साली त्यांनी बारा सामन्यांत ३२ टचडाउन पास दिले. एका हंगामात तिसांचा आकडा त्यापूर्वी कोणी गाठलाच नव्हता. लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान त्यांना १९५९, १९६४ आणि १९६७ असा तीन वेळा मिळाला, म्हणजे पहिला आणि शेवटचा आठ वर्षांच्या अंतराने. कारकिर्दीत ४०,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले. परंतु मला सर्वांत बोलका वाटतो तो दुसराच विक्रम. डिसेंबर १९५६ पासून डिसेंबर १९६० पर्यंत ते ज्या ज्या सामन्यात खेळले त्या प्रत्येकात त्यांनी किमान एक टचडाउन पास दिला. असे सलग ४७ सामने. याच काळात, १९५८ च्या नोव्हेंबरात, बरगड्या मोडून आणि फुप्फुसाला इजा होऊन ते दोन सामन्यांना मुकले, आणि छातीला संरक्षक पट्टा बांधून परतल्यावर पहिलाच चेंडू मूर यांच्याकडे फेकून त्यांनी टचडाउन मिळवला. नियम सैल झाले, सामने वाढले, चेंडू फेकण्याचे प्रमाण वाढले, आणि तरीही हा विक्रम ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ड्रू ब्रीझ यांनी मोडेपर्यंत जवळजवळ बावन्न वर्षे उभा होता. हळव्या आठवणींवर विक्रम टिकत नाहीत.

आणखी एक गोष्ट कोणत्याच कोष्टकात येत नाही. आजचा क्वार्टरबॅक बहुतांशी प्रशिक्षकाने निवडलेली चाल अमलात आणतो. युनायटस स्वतः चाल निवडत, समोरच्या बचावाची मांडणी पाहून ती आयत्या वेळी बदलत, आणि गर्दीतल्या त्या काही सेकंदांत दहा सहकाऱ्यांपैकी कोणीही त्यावर वाद घालत नसे. त्यांचा हात फार बळकट होता असे नाही. निर्णय मात्र त्यांचा असे आणि त्याची जबाबदारीही. आपण संख्याशास्त्राचे विद्यार्थी आहात, तेव्हा हे मोजण्याची एखादी रीत आपल्याला सुचली तर अवश्य कळवावी.

प्रश्न : ते सुपर बोल खेळले होते का? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : सुपर बोल, म्हणजे हंगामाचा निर्णायक अंतिम सामना, ते दोनदा खेळले, आणि दोन्ही वेळा अर्धेमुर्धे. १९६८ च्या हंगामापूर्वी त्यांचा उजवा कोपर निकामी झाला आणि त्यांच्या जागी आलेल्या अर्ल मोराल यांनी संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले. जानेवारी १९६९ मध्ये मायामी येथे न्यूयॉर्क जेट्सने कोल्ट्सना १६-७ असे हरवले. कोल्ट्सचे विजय गृहीत धरले जात असल्यामुळे हा निकाल आजही धक्कादायक म्हणून सांगितला जातो. कोल्ट्सचा एकमेव टचडाउन उशिरा मैदानात उतरलेल्या युनायटस यांच्या हातूनच घडला. जानेवारी १९७१ मध्ये डॅलसविरुद्ध त्यांनी जॉन मॅकी यांना ७५ यार्डांचा टचडाउन पास दिला खरा, पण मध्यंतरापूर्वीच जबर मार बसून ते बाहेर गेले. कोल्ट्स १६-१३ असे जिंकले. १९७२ मध्ये नव्या व्यवस्थापनाने त्यांना बाकावर बसवले, १९७३ मध्ये सॅन डिएगोला पाठवले आणि १९७४ साली त्यांनी निवृत्ती घेतली. सॅन डिएगोतील ते शेवटचे वर्ष गाळले असते तरी काही बिघडले नसते. फक्त ४०,००० वा यार्ड त्याच वर्षी पडला.

प्रश्न : निवृत्तीनंतर त्यांचे काय झाले? कोल्ट्स हा संघ आता बाल्टिमोरमध्ये नाही असे दिसते. (एक वाचक, पणजी)

उत्तर : १९७९ साली ते या खेळाच्या सन्मान-दालनात दाखल झाले. बाल्टिमोरमध्ये त्यांचे उपाहारगृह होते, इतरही उद्योग त्यांनी करून पाहिले आणि १९९१ साली त्यांच्यावर दिवाळखोरी जाहीर करण्याची वेळ आली. ज्या उजव्या हाताने सारे कमावले, त्याचीच बोटे पुढे वळेनाशी झाली. गोल्फ खेळताना ते डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे काठीभोवती दुमडून वर पट्टा आवळत आणि मगच फटका मारत. खेळातील दुखापतीपोटी भरपाई मिळावी म्हणून त्यांनी केलेला दावा मान्य झाला नाही.

संघाचे म्हणाल तर मालक रॉबर्ट अर्से यांनी २८ मार्च १९८४ च्या रात्री, बर्फ पडत असताना, सारे सामान मालमोटारींत भरून संघ इंडियानापोलिसला हलवला. संघ ताब्यात घेण्याचा कायदा मेरीलँडचे शासन करत होते आणि त्याआधी निसटायचे होते. युनायटस यांनी त्या नव्या कोल्ट्सशी संबंध तोडला. आपण खेळलो ते बाल्टिमोर कोल्ट्ससाठी, इंडियानापोलिससाठी नव्हे, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. १९९६ साली क्लीव्हलँडहून रेव्हन्स हा संघ बाल्टिमोरला आला, तेव्हा मात्र ते त्याच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभे राहू लागले. आज त्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे आणि सामन्याला जाणारे लोक त्याच्या बुटाला हात लावून आत जातात.

हे बूटही त्यांची ओळख होते. इतर खेळाडू कमी उंचीच्या बुटांकडे वळले तरी युनायटस घोट्याच्या वर येणारे काळे जुन्या पद्धतीचे बूटच घालत आणि केसही तसेच बारीक कापलेले ठेवत. ११ सप्टेंबर २००२ रोजी व्यायाम करताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६९ होते. त्या आठवड्याच्या सामन्यात तसे काळे बूट घालण्याची परवानगी इंडियानापोलिसचे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग यांनी लीगकडे मागितली, आणि गणवेशाच्या नियमावर बोट ठेवून लीगने ती नाकारली. रेव्हन्सचे क्वार्टरबॅक ख्रिस रेडमन हे युनायटस यांच्याच लुईव्हिल विद्यापीठात शिकलेले. त्यांनी काळे बूट घातले, सामना खेळले आणि पाच हजार डॉलर दंड भरला.